शिवारवाटेची मात्रा

औषधाचा विचार करताना आपण चार प्रश्न विचारतो. त्यातील कार्यकारी घटक कोणता, मात्रा किती, ते केव्हा द्यावे आणि कोणाला देऊ नये. या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देता येणारा एक उपाय आपल्या शहराच्या वेशीबाहेर विनामूल्य उपलब्ध आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली काही वर्षे मी तो चिठ्ठीवर लिहून देत आलो आहे. हा उपाय म्हणजे शिवारफेरी. प्रस्तुत लेखात तिचे वैद्यकीय अंग, सुरत परिसरातील तिच्या शक्यता आणि तिची पथ्ये यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. शिवारफेरी म्हणजे काय

गावाच्या शेतजमिनीला आपण शिवार म्हणतो, गुजराती बांधव सीम म्हणतात. आपला बांध तो त्यांचा शेढो. या शिवारातून गाडीवाटेने, पाटाच्या कडेने अथवा बांधावरून सावकाश, थांबत-पाहत चालणे एवढाच शिवारफेरीचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. हे गिर्यारोहण नव्हे. यात चढ नाही, स्पर्धा नाही, गाठावयाचे शिखर नाही. पाच वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे आजोबा दोघेही सोबतीने करू शकतील असा हा व्यायाम आहे.

आपल्या समाजाला चालणे परके नाही. आळंदी-पंढरपूरची वारी आपल्या रक्तात आहे. खानदेशातून चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्या यात्रेकरूंची रीघ आपण पाहतो. परंतु वर्षातून एकदा श्रद्धेने चालणारा हाच समाज उरलेले वर्ष दुचाकीवरून उतरत नाही. माझ्या दवाखान्यात लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम या भागांतून येणारी बहुसंख्य कुटुंबे धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतील आहेत. आजोबांच्या बोलण्यात अजून ‘वावर’ हा शब्द येतो. नातवंडांत मात्र उभ्या उसाला बांबू समजणारी मुले मला भेटली आहेत. वडील मागावर बारा तासांची पाळी करतात, आई घरी साडीला टिकल्या लावते आणि मूल एका खोलीत मोबाइल पाहत बसते. या घराला व्यायामशाळेचे शुल्क सांगणे व्यर्थ आहे. त्याला परवडेल असाच उपाय सांगावा लागतो.

२. इंग्लंडच्या पायवाटांचा धडा

आपल्या मंडळातील अनेकांची मुले, भाचरे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत आहेत. तेथे जाऊन आलेले सभासद लंडनचे वर्णन करतातच, पण गावाबाहेरच्या पायवाटांविषयीही भरभरून बोलतात. केंब्रिजपासून ग्रँटचेस्टर या खेड्यापर्यंत कॅम नदीच्या काठाने कुरणातून जाणारी सुमारे तीन किलोमीटरची वाट मीही चाललो आहे. दोन्ही बाजूंस गाई चरत असतात, मधूनमधून लाकडी फाटक येते, ते उघडावे आणि मागे न विसरता लावावे. बाबागाडीतील मुलापासून काठी टेकणाऱ्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे त्या वाटेवर भेटतात. कोणालाही घाई नसते.

मला विशेष वाटले ते त्या वाटांमागील व्यवस्थेचे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे. त्यांतील बऱ्याचशा खाजगी शेतांतून जातात. जमीन शेतकऱ्याची, पण वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांचा. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली गेली, तर पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा किमान एक मीटर रुंद करून देण्याचे बंधन कायद्याने शेतकऱ्यावर आहे. पायवाटेवर पिवळा बाण असतो. घोडेस्वारांनाही मुभा असलेल्या वाटेवर निळा बाण असतो.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांनी २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या जमीनदारांनी बंद केलेल्या पठारावर सामुदायिक प्रवेश केला आणि त्यांतील पाच जणांनी तुरुंगवास भोगला. पुढे १९४९ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीतील वाटांचे अधिकृत नकाशे तयार करावे लागले. गिरण्यांच्या शहरांतील श्रमिकांना रविवारी मोकळी हवा हवी होती, ही त्या चळवळीची प्रेरणा होती. मागांच्या शहरात वैद्यकी करणाऱ्या आपल्याला ती परकी वाटू नये.

३. कार्यकारी घटक

(अ) डोळे : मायोपिया म्हणजे निकटदृष्टिदोष आज शाळकरी वयात झपाट्याने वाढतो आहे. चीनमधील ग्वांगझू येथील १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवण्यात आला. तीन वर्षांनी त्या मुलांत नव्याने मायोपिया होण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के आढळले. उघड्यावरील प्रखर प्रकाशामुळे दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा बसतो, अशी त्याची उपपत्ती मांडली जाते. दिव्याच्या खोलीत प्रकाश काहीशे लक्स असतो. झाडाच्या सावलीतही तो हजारांत जातो. येथे एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगावी. हा लाभ मुख्यतः चष्मा लागण्यापूर्वीचा आहे. लागलेला चष्मा चालण्याने सुटत नाही.

(आ) पावले : ‘मुलाचे तळवे सपाट आहेत’ ही तक्रार घेऊन येणारे पालक आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. राव आणि जोसेफ या भारतीय अस्थिरोगतज्ज्ञांनी २३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. याचा अर्थ मुलांना शेतात अनवाणी सोडावे असा घेऊ नये. आपल्याकडील ओल्या मातीत अंकुशकृमी आहे, काटे आहेत, साप आहेत. पण वेदना नसलेल्या लवचीक सपाट तळव्यासाठी महागडे बूट लिहून देण्याऐवजी उंचसखल मातीवर, मऊ तळाच्या पादत्राणांनी भरपूर चालण्यास सांगणे अधिक सयुक्तिक आहे. बांधावरून चालताना घोट्याचे स्नायू आणि तोलाची जाणीव यांना जो सराव मिळतो, तो गुळगुळीत फरशीवर मिळत नाही.

(इ) हृदय आणि चयापचय : लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील बसून काम करणारे चालक आणि दिवसभर जिने चढणारे वाहक यांची तुलना जेरी मॉरिस यांनी केली. वाहकांत हृदयविकार कमी आढळला. १९५३ साली लॅन्सेटमध्ये आलेला हा अभ्यास शारीरिक श्रम आणि हृदय यांच्या नात्याच्या संशोधनाचा पाया मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम हवेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी. रमतगमत चालण्याने मुलाचे हे माप पुरे होईल का, अशी शंका येईल. शिवारात मूल सरळ रेषेत चालत नाही. ते पुढे धावते, परत येते, बांधावरून उडी मारते, पाटात खडा टाकते. मोठ्यांचा एक किलोमीटर होतो तेव्हा त्याचे अंतर कितीतरी अधिक झालेले असते.

(ई) ‘ड’ जीवनसत्त्व : येथे एक प्रचलित समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते, तेव्हा ते पुरेसे मिळतात. म्हणून सकाळी सहाच्या फेरीने हाडे बळकट होतील असे आश्वासन देऊ नये. हिवाळ्यात ऊन पुरेसे वर आल्यानंतरची फेरी या दृष्टीने उपयुक्त आहे. उन्हाळ्यात तो आग्रह धरू नये. तान्ह्या बाळांचे ४०० एककांचे थेंब तर शिवारफेरीच्या भरवशावर मुळीच बंद करू नयेत.

(उ) मन आणि भाषा : याचे मोजमाप माझ्यापाशी नाही, अनुभव आहे. दवाखान्यात आईवडिलांच्या प्रश्नांना मान हलवूनच उत्तर देणारी मुले वाटेवर मात्र प्रश्न विचारतात. टिटवी का ओरडते, कापसाच्या बोंडात काय असते, ही गाय कोणाची. बाप आणि मूल एकाच दिशेने पाहत चालत असतात, त्यामुळे बोलणे सोपे होते. उशिरा बोलू लागलेल्या मुलांच्या पालकांना मी हाच सल्ला देतो : पडदा बंद करा, वाटेवर दिसेल त्या वस्तूचे नाव घ्या. श्रवणचाचणी आणि वाचोपचार यांची जागा तो घेत नाही. त्यांना जोड देतो.

४. आपल्या दारातील वाट

इंग्लंडसारख्या वाटा आपल्याकडे कोठे आहेत, असे कोणी विचारील. भारतातील सर्वांत प्रसिद्ध अशी गावागावांतून, शेताशेतांतून गेलेली पायवाट आपल्या जिल्ह्यातून जाते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. सोबत ७८ निवडक सत्याग्रही होते. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. आजच्या सुरत जिल्ह्यातील त्यांचे मुक्काम आणि विसावे असे : उमराछी, एरथाण, भाटगाम, सांधियेर, देलाड, छापराभाठा आणि १ एप्रिलला सुरत. दुसऱ्या दिवशी दिंडोली आणि वांझ, त्यापुढे धामण, नवसारी, कराडी, दांडी.

दिंडोली हे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर रुग्णांच्या रांगा उभ्या राहतील. आज मराठी, विशेषतः खानदेशी वस्तीने गजबजलेली दिंडोली २ एप्रिल १९३० रोजी शेतांनी वेढलेले खेडे होती. त्या यात्रेत मराठी पावलेही होती. आश्रमाचे संगीतकार पंडित नारायण मोरेश्वर खरे त्यात चालले आणि काकासाहेब कालेलकरांचे पुत्र बाळ कालेलकरही. आपल्या रुग्णांच्या मुलांना ‘तुमच्या गल्लीतून ही यात्रा गेली’ असे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

वैद्याच्या दृष्टीने या यात्रेचे वेळापत्रक अभ्यसनीय आहे. गांधीजी तेव्हा एकसष्टाव्या वर्षात होते. रोजचे चालणे सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन टप्प्यांत विभागलेले, मधल्या उन्हात विश्रांती, आणि सोमवारी पूर्ण विसावा. १७ मार्चला आणंद, २४ ला समनी आणि ३१ ला देलाड येथे त्यांनी असा विसावा घेतला. टप्प्यांची विभागणी, उन्हाचे भान आणि आठवड्याची सुट्टी ही तीन तत्त्वे आजही कोणत्याही चालण्याच्या कार्यक्रमाला लागू पडतात.

५. स्थळ आणि ऋतू

ओलपाड तालुक्यातील भाताची खाचरे, बारडोली-कामरेज बाजूचा ऊस, नवसारी-गणदेवीकडील चिकू आणि आंब्याच्या वाड्या हे आपले शिवार. काकरापार योजनेच्या कालव्यांमुळे ते वर्षातील बराच काळ हिरवे असते. कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता सपाट आणि बऱ्याच ठिकाणी सावलीचा असतो. नवख्या कुटुंबाने तेथून सुरुवात करावी, मात्र लहान मुलाचा हात पाण्याच्या बाजूला सोडू नये.

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत ज्वारीचा कोवळा पोंक तयार होतो. आपल्या हुरड्याचा हा सुरती भाऊ. पळसमैनांचे थवे ज्वारीवर उतरतात, तारेवर नीलपंख बसलेला दिसतो, नांगरामागे गायबगळे चालतात. याच काळात ऊसतोडही चालू असते. डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबे फडाच्या कडेला पालांत राहतात. शिवारफेरीस गेलेल्या डॉक्टराने तेथे थांबावे, तेथील लहान मुलांच्या लसींची चौकशी करावी. माझ्या मुलांना आणि पुढे विद्यार्थ्यांनाही शेतीचे खरे शिक्षण त्या पालांपाशी मिळाले. आपण ज्या वाटेवर प्रकृतीसाठी चालतो, त्याच वाटेवर दुसऱ्या कोणाचे मूल दिवसभर उन्हात असते, हे त्यांना तेथे कळले.

६. पथ्ये आणि धोके

१) लेप्टोस्पायरोसिस : दक्षिण गुजरातेत हा आजार पावसाळ्यात नेमाने येतो. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून शिरते. जुलै ते ऑक्टोबर भाताच्या आणि उसाच्या साचलेल्या पाण्यात उतरू नये, मुलांना तर मुळीच नाही. शिवारात जाऊन आल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांना लाली आली तर ही माहिती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

२) सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आपल्याकडे आढळतात. घोटा झाकणारे बूट, हातात काठी, अंधारात विजेरी आणि गवतात हात न घालणे ही साधी दक्षता. दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवावा. कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे.

३) फवारणी : कीटकनाशक फवारलेल्या शेताजवळून जाऊ नये, तेथील बोर-चिंच तोडून खाऊ नये. घरी येताच हातपाय साबणाने धुवावेत.

४) दमा आणि त्वचा : गाजरगवताने शिंका आणि इसब बळावतो. पाचट जाळण्याच्या दिवसांत दमेकरी मुलाला त्या बाजूस नेऊ नये. त्याचा श्वासमार्ग मोकळा करणारा पंप बरोबर असावा.

५) ऊन : मार्चनंतर फेरी सकाळी आठपूर्वी संपवावी. मुलाला तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-तीस मिनिटांनी पाणी पाजावे.

६) शिष्टाचार : शेत दुसऱ्याचे आहे. परवानगी घ्यावी, उभ्या पिकात शिरू नये, फाटक लावावे, प्लॅस्टिक परत आणावे. शेतकऱ्याशी दोन शब्द बोलल्याविना पुढे जाऊ नये.

७. चिठ्ठी कशी लिहावी

‘मुलाला फिरवत जा’ हे वाक्य पालक दाराबाहेर पडताच विसरतात. औषधासारखे लिहिले तर ते पाळले जाते, असा माझा अनुभव आहे. मी पुढीलप्रमाणे लिहितो.

तीन ते पाच वर्षे : एक किलोमीटर, मूल थांबेल तेथे थांबणे, आठवड्यातून एकदा. कडेवर घेण्याची तयारी ठेवणे.

सहा ते दहा वर्षे : दोन ते तीन किलोमीटर. मुलाने वहीत पाच गोष्टी टिपणे : एक पीक, एक पक्षी, एक झाड, एक अवजार, एक नवा शब्द.

अकरा वर्षांपुढे : चार ते सहा किलोमीटर. नकाशा मुलाच्या हाती द्यावा, वाट त्याने दाखवावी. मोबाइल वडिलांचाही खिशात.

आजी-आजोबा : वेग असा की बोलता यावे, पण गाता येऊ नये. छातीत दुखणे, पायऱ्या चढताना धाप, अलीकडील हृदयविकार असल्यास आधी तपासणी. मधुमेहींनी पायांची पाहणी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर करावी, खिशात साखर ठेवावी.

उरलेल्या सहा दिवसांचे काय? त्यासाठी शाळा, गल्ली आणि उद्यान आहेच. रविवारची फेरी त्या हालचालीची जागा घेत नाही, तिची गोडी मात्र लावते.

८. वाट राहिली तर

या उपायाची एक अडचण मात्र कोणत्याही औषधविक्रेत्याकडे सुटणारी नाही. औषध आहे, पण त्याचा साठा घटतो आहे. सुरत महानगरपालिकेची हद्द २००६ साली ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली आणि २०२० साली सुमारे ४६२ वर. शहर वाढणारच, आपल्या सर्वांची पोटे त्यावर आहेत. पण शेत बिनशेती होताना त्याच्या कडेची गाडीवाटही कुंपणात जाते आणि तिची कोणी नोंदही घेत नाही.

मुंबई इलाख्याच्या परंपरेतील जुन्या गावनकाशांत गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे. परंतु तो हक्क मुख्यतः शेतकऱ्याने आपल्या शेतापर्यंत जाण्याचा आहे. केवळ चालू इच्छिणाऱ्या नागरिकाचा, मुलाचा, वृद्धाचा हक्क आपल्या कायद्याने इंग्लंडप्रमाणे नोंदलेला नाही. तोवर आपल्याजवळ एकच साधन आहे, वापर. ज्या वाटेवर दर रविवारी माणसे दिसतात, ती वाट बुजवताना कोणीही दहा वेळा विचार करतो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातील एक रविवार, सभासदांनी सहकुटुंब आणि आपापल्या रुग्णांपैकी दोन-दोन कुटुंबांसह एक शिवारवाट चालावी. पहिल्या वर्षी देलाड, सांधियेर, वांझ आणि कराडी ही चार ठिकाणे घ्यावीत. गावच्या सरपंचांना आधी कळवावे, आणि वाटेत जेथे पाल दिसेल तेथे मुलांची तपासणी करावी. यासाठी निधी लागणार नाही, सभागृह लागणार नाही, ध्वनिक्षेपकही लागणार नाही. प्रत्येकाने पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी स्टेथोस्कोप आणला म्हणजे झाले. पहिल्या फेरीसाठी देलाडची वाट मी पाहून ठेवली आहे. सकाळी साडेसात वाजता सायण स्थानकाबाहेर भेटू.